सर्व्हर मंदावला? 'टॉप' कसं वाचायचं आणि 'के' कधी दाबायचं

सर्व्हर मंदावला की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. टर्मिनल उघडायचं, टॉप, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी आज्ञा, टाइप करायची आणि यादीत सगळ्यात वर जे नाव दिसेल त्याचा गळा धरायचा. कधीकधी मशीन सुटतंही, आणि तेवढ्यानेच ही सवय पक्की होते. मग एखाद्या दिवशी वर डेटाबेसचं नाव असतं, तो मारला जातो, आणि दहा मिनिटांत आपोआप सुटलं असतं ते दुपारभर निस्तरत बसावं लागतं.

पणजी, म्हापसा, मडगावच्या छोट्या ऑफिसांत सर्व्हर म्हणजे बहुधा टेबलाखाली ठेवलेलं उबुंटूचं किंवा डेबियनचं मशीन. त्याचा सांभाळ ज्याला कंप्युटरमधलं 'थोडंफार कळतं' त्याच्या गळ्यात. हा लेख त्याच्यासाठी आहे. लिनक्सवर नेहमी मिळणारं टॉप इथे गृहीत धरलं आहे. मॅकवरच्या टॉपची बटणं वेगळी असल्यामुळे तिथे हे चालवू नका.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. बटण कॅपिटल हवं असेल तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. आकडेही इंग्रजीच.

## टप्पा १: टॉप उघडण्याआधी

आधी आपण कुठे बसलो आहोत ते बघा. एकाच स्क्रीनवर दोन-तीन एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायच्या) खिडक्या उघड्या असतात आणि चुकीच्या मशीनवर बरोबर आज्ञा दिली जाते. 'होस्टनेम' टाइप करा, मशीनचं नाव येईल. 'हू अॅम आय' जोडून, मधे जागा न सोडता टाइप करा, म्हणजे तुम्ही कोणत्या यूझरने आत आलात ते कळेल.

मग मशीनला कोअर (प्रोसेसरचे एकाच वेळी काम करणारे भाग) किती ते विचारा. एन, पी, आर, ओ, सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर मारा. उत्तर ४ येईल, ८ येईल. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढच्या निम्म्या निर्णयांना तो लागतो.

टर्मिनलची खिडकी पूर्ण मोठी करा. खिडकी अरुंद असली की टॉप उजवीकडचे रकाने कापून टाकतं, आणि नेमकी कमांडची माहिती उजवीकडेच असते.

खरी तयारी मात्र गडबड नसतानाची. मशीन सुरळीत चालू असताना एकदा टॉप उघडा आणि लोड किती, मोकळी मेमरी किती, वर कोण असतं हे टिपून ठेवा. कळंगुटच्या हॉटेलातलं मशीन डिसेंबरात वेगळं वागतं आणि जुलैत वेगळं. पतसंस्थेचं मशीन महिनाअखेरीला घामाघूम होतं. चांगल्या दिवसाची नोंद नसेल तर वाईट दिवशी पुढ्यात आलेला आकडा वाईट आहे की नेहमीचाच, हे ठरवणार कशावरून?

तपासा: मशीनचं नाव बरोबर आहे ना? कोअरचा आकडा लिहिला ना? मगच पुढे.

## टप्पा २: उघडा आणि थोडं थांबा

'टॉप' टाइप करून एंटर. पहिला पडदा दिसला की लगेच निष्कर्ष काढू नका. टॉपमधली सीपीयूची टक्केवारी दोन मोजण्यांच्या मधल्या काळाची असते. पहिल्या पडद्याला मागची मोजणीच नसते, म्हणून तो आकडा फसवा निघू शकतो. नेहमीच्या मांडणीत पडदा दर ३ सेकंदांनी बदलतो. चार-पाच वेळा बदलू द्या. जो नाव टिकवून वर राहतो तो बघण्यासारखा. एकदाच उसळी मारून खाली गेलेल्याच्या मागे लागू नका.

वेग बदलायचा तर स्मॉल डी दाबून सेकंद द्या. काही जण उत्साहाने ०.१ देतात. मग टॉप स्वतःच यादीत वर येऊन बसतं.

बाहेर पडायला क्यू. कंट्रोल-झेड दाबून बाहेर पडणारे पुष्कळ भेटतात. त्याने टॉप बंद होत नाही, नुसतं थबकतं आणि मागे पडून राहतं. असं झालं असेल तर 'एफजी' टाइप करून त्याला पुढे आणा आणि मग क्यू दाबा.

सावधान: पडदा एकदम गोठला तर मशीन मेलं असं समजू नका. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं असेल, त्याने टर्मिनलचं लिहिणं थांबतं. कंट्रोल-क्यू दाबा.

## टप्पा ३: वरच्या पाच ओळी आधी, यादी नंतर

लोक हाच टप्पा गाळतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली ओळ. घड्याळ, मशीन किती वेळ चालू आहे, किती यूझर आत आहेत आणि लोडचे तीन आकडे. चालू असण्याचा वेळ आधी बघा. तो सहा मिनिटं असेल तर लाईट जाऊन मशीन नुकतंच परत उठलं आहे आणि सगळ्या सेवा (मागे आपोआप चालणारे प्रोग्राम) एकदम उभ्या राहत आहेत. पावसाळ्यात हे नेहमीचंच. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा, बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

लोडचे आकडे अनुक्रमे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. ही टक्केवारी नाही. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर उभे राहून मोजल्यासारखं आहे: बोटीत चढलेल्या गाड्या आणि रांगेत ताटकळणाऱ्या गाड्या, दोन्ही धरून. गाड्या म्हणजे प्रोसेस (चालू प्रोग्राम), आणि बोटीतल्या गाड्यांच्या जागा म्हणजे तुमचे कोअर. ४ कोअरच्या मशीनवर लोड ३.५ म्हणजे बोट भरलेली आहे, रांग नाही. लोड ९ म्हणजे रांग लागली. तेच ९ सोळा कोअरच्या मशीनवर काहीच नाही.

तीन आकड्यांची तुलनाही करा. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर त्रास आत्ता सुरू झाला. उलट असेल तर ओसरतो आहे, आणि ओसरत्या त्रासात हात घालायचं कारण नाही.

दुसरी ओळ. एकूण प्रोसेस किती, त्यांतल्या चालू, झोपलेल्या, थबकलेल्या आणि झोंबी (संपलेल्या, पण यादीतून न गेलेल्या) किती. झोपलेल्या शेकड्याने असतात, ते ठीकच आहे. थबकलेल्या वाढत असतील तर वर सांगितलेला कंट्रोल-झेडचा प्रताप तपासा. झोंबी एक-दोन दिसल्या तर सोडून द्या, त्या सीपीयू खात नाहीत.

तिसरी ओळ सीपीयूची. यातली दोन-दोन अक्षरं ओळखायला शिका. 'यूएस' म्हणजे आपले प्रोग्राम, 'एसवाय' म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा), 'आयडी' म्हणजे रिकामा वेळ, 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. क्लाऊडवरचं भाड्याचं मशीन असेल तर शेवटचं 'एसटी'ही बघा. ते सतत वर असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या कोणाला जातो आहे, आणि तुमच्या प्रोसेस मारून काही साधणार नाही.

डब्ल्यूए म्हणजे काय ते एका प्रसंगातून दाखवतो. फोंड्याकडच्या एका पतसंस्थेत महिनाअखेरीला दुपारी पासबुक छापणं अडलं. काउंटरवरच्या ताईंचा फोन: "सर, एंटर मारलं की पाच मिनिटं काही होतच नाही." पडद्यावर चित्र असं:

लोड ७.८०, ६.९५, ३.१०
यूएस ५, एसवाय ३, आयडी २१, डब्ल्यूए ७०, एसआय १

कोअर ४. यादीत सगळ्यात वर असलेला प्रोसेससुद्धा जेमतेम ४ टक्के सीपीयू घेणारा. फक्त यादी बघणारा म्हणेल, सीपीयू मोकळा आहे, नेटवर्कचं काहीतरी आहे. पण लोड कोअरच्या जवळजवळ दुप्पट, आणि डब्ल्यूए ७०. लिनक्समध्ये डिस्कसाठी खोळंबलेले प्रोसेसही लोडमध्ये मोजले जातात, म्हणून सीपीयू रिकामा असतानाही लोड चढतो. यादीत 'एस' रकान्यात दोन प्रोसेसपुढे डी हे अक्षर होतं: एक डेटाबेस, दुसरा आरसिंक, म्हणजे बॅकअपसाठी फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम. दुपारी एक ते तीन ऑफिस बंद असतं म्हणून कोणीतरी बॅकअप एक वाजता लावून ठेवला होता. महिनाअखेरीला दुपारची सुट्टी कोण घेतो! बॅकअप थांबवला, डब्ल्यूए उतरला, पासबुकं छापली गेली. नंतर बॅकअपची वेळ रात्रीची केली. डेटाबेसला कोणी हात लावला नाही.

चौथी आणि पाचवी ओळ मेमरीची. 'फ्री'चा आकडा लहान दिसला की लोक घाबरतात. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशला, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरतं आणि गरज पडली की सोडतं. बघायचा आकडा पाचव्या ओळीच्या उजव्या टोकाला आहे, 'अव्हेल'चा. तो एकूण मेमरीच्या मानाने अगदीच खाली गेला असेल तर काळजी.

स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) थोडा वापरलेला दिसला म्हणून बिघाड झाला असंही नाही. सतत आत-बाहेर चालू आहे का, हे महत्त्वाचं. दुसऱ्या खिडकीत 'व्हीएमस्टॅट ५' चालवा आणि 'एसआय', 'एसओ' हे स्वॅपचे दोन रकाने बघा. (वर सीपीयूच्या ओळीतला एसआय वेगळा, नाव तेवढं सारखं.) पहिली ओळ सोडा, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत दोन्ही रकाने शून्याच्या आसपास असतील तर स्वॅप निवांत पडून आहे.

तपासा: यादीकडे जाण्याआधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की त्रास सीपीयूचा आहे, डिस्कचा की मेमरीचा. नसेल सांगता येत तर ओळी पुन्हा वाचा.

## टप्पा ४: यादी लावून घ्या

त्रास सीपीयूचा असेल तर कॅपिटल पी, मेमरीचा असेल तर कॅपिटल एम. आतापर्यंत एकूण सीपीयू कोणी जास्त खाल्ला हे हवं तर कॅपिटल टी. मग स्मॉल सी दाबा. त्याने नुसत्या नावाऐवजी पूर्ण कमांड दिसते. 'पायथन' नावाच्या पाच ओळींतली बिलिंगची कोणती आणि रिपोर्टची कोणती, हे त्याशिवाय कळत नाही.

स्मॉल यू दाबून यूझरचं नाव दिलं की त्याच्याच प्रोसेस उरतात. आकडा १ दाबला की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. एक कोअर १०० वर आणि बाकीचे मोकळे असतील तर एकच प्रोग्राम एकाच धाग्यावर, म्हणजे कामाच्या एकाच सलग ओळीवर, अडकला आहे. एकत्र आकडा बघताना हे लपून राहतं. कोण कोणाचं पोर आहे हे बघायला कॅपिटल व्ही.

सावधान: कॅप्स लॉक बघा. स्मॉल एम आणि स्मॉल टी यादी लावत नाहीत, ते वरच्या ओळींचं रूप बदलतात. तीन-चारदा दाबले की त्या ओळी गायबच होतात. तेच बटण पुन्हा दाबत राहा, परत येतात. कॅपिटल डब्ल्यू मात्र दाबू नका, त्याने आत्ताची विस्कटलेली मांडणी कायमची जतन होते. झालीच असेल तर होम फोल्डरमधल्या, नावाआधी टिंब असलेल्या कॉन्फिग फोल्डरात प्रॉकपीएस नावाच्या फोल्डरात टॉपआरसी ही फाइल असते, तिचं नाव बदला आणि टॉप पुन्हा उघडा. जुन्या आवृत्त्यांत हीच फाइल थेट होममध्ये, नावाआधी टिंब लावून असते.

## टप्पा ५: रकाने वाचताना होणारे घोटाळे

%सीपीयू १०० च्या वर गेलं म्हणून दचकू नका. नेहमीच्या मांडणीत १०० म्हणजे एक पूर्ण कोअर. ४ कोअरच्या मशीनवर अनेक धाग्यांचा प्रोग्राम ३८० दाखवू शकतो.

मेमरीचे तीन रकाने: व्हर्ट, रेस, एसएचआर. व्हर्ट म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेली सगळी जागा. ती वापरात असेलच असं नाही, म्हणून तो आकडा अवाढव्य दिसतो. त्यावरून कोणावर आळ घेऊ नका. प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेली मेमरी म्हणजे रेस. पण सगळ्यांच्या रेसची बेरीज करून एकूण रॅमशी ताडू नका. त्यात एसएचआर, म्हणजे वाटून घेतलेला भाग, प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजला जातो.

टाइम+ हा घड्याळाचा वेळ नाही. सीपीयूवर प्रत्यक्ष गेलेला वेळ मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे शंभरावे भाग असा मांडलेला असतो. ३१२:४५ म्हणजे ३१२ मिनिटं. सकाळी सुरू झालेल्या प्रोसेसचा दुपारी एवढा टाइम दिसला तर तो थकल्याशिवाय फिरतो आहे.

'एस' रकान्यात आर म्हणजे चालू, एस झोपलेला, टी थबकलेला, झेड झोंबी आणि डी डिस्कसारख्या कशाची तरी वाट बघत अडकलेला. आय दिसला तर तो कर्नलचा रिकामा धागा, दुर्लक्ष करा.

## टप्पा ६: ओळख पटवा

संशयिताचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) कागदावर लिहा. समजा २८४१. दुसऱ्या खिडकीत:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,यूझर,एलस्टार्ट,सीएमडी -पी २८४१

कोणाचा, कधीपासूनचा, कोणी जन्माला घातलेला आणि पूर्ण कमांड काय, हे एका ओळीत येतं. मग:

सिस्टमसीटीएल स्टेटस २८४१

तो एखाद्या सेवेचा भाग असेल तर सेवेचं नाव आणि तिच्या लॉगच्या शेवटच्या ओळी दिसतात. अर्धं उत्तर बऱ्याचदा त्या ओळींतच असतं, पण लोक वाचत नाहीत.

पीएसमधली सीपीयू टक्केवारी टॉपशी जुळत नाही ही नेहमीची तक्रार. जुळणारच नाही. पीएस प्रोसेसच्या जन्मापासूनची सरासरी देतं, टॉप गेल्या काही सेकंदांचं. आत्ताचं जाणून घ्यायला टॉपच धरा.

आणि माणसाला विचारा. यूझर अकाउंट्सचा असेल तर अकाउंट्समध्ये जा. वर्षाचा रिपोर्ट काढत असतील, वीस मिनिटांत संपणार असेल. मारला तर पुन्हा पहिल्यापासून काढतील आणि मशीन पुन्हा तितकाच वेळ अडेल.

## टप्पा ७: थांबवायचंच असेल तर, या क्रमाने

अ. काम महत्त्वाचं आहे पण घाई नाही, असं असेल तर प्राधान्य कमी करा. टॉपमध्ये स्मॉल आर, पीआयडी, मग १० द्या. नाइसचा आकडा जितका मोठा तितका तो दुसऱ्यांना पुढे जाऊ देतो. मर्यादा -२० ते १९. साधा यूझर स्वतःच्या प्रोसेसचा आकडा वाढवू शकतो. कमी करायला रूट (मशीनचा मुख्य यूझर) लागतो. त्रास डिस्कचा असेल तर याने विशेष फरक पडत नाही.

आ. प्रोसेस एखाद्या सेवेचा असेल तर किल, म्हणजे थेट मारणं, नको. आधी सूडो (रूटच्या अधिकाराने चालवणारी आज्ञा) लावून सिस्टमसीटीएल स्टॉप आणि सेवेचं नाव द्या. किल केलेली सेवा आपोआप परत सुरू होण्याची सोय बऱ्याच ठिकाणी केलेली असते. मग लोक मारत बसतात आणि ती नव्या पीआयडीने उठत बसते.

इ. सेवा नसेल तर टॉपमध्ये स्मॉल के, हे प्रोसेस थांबवायचं बटण. इथे जपून. टॉप पीआयडी विचारतं आणि पडद्यावर सगळ्यात वर असलेला पीआयडी स्वतःच सुचवतं. काही न टाइप करता एंटर मारला, पुन्हा एंटर मारला, की तो सुचवलेला प्रोसेस गेला! हाताला घाईची सवय असेल तर नेमकं हेच होतं. पीआयडी नेहमी स्वतः टाइप करा, कागदावरून बघून. मन बदललं तर एस्केप.

पुढे सिग्नल, म्हणजे प्रोसेसला द्यायचा निरोप, विचारतं, आधीच १५ सुचवलेलं असतं. तेच राहू द्या. १५ म्हणजे 'आवरून घे आणि नीघ'. प्रोग्राम फाइली बंद करतो, तात्पुरत्या फाइली पुसतो आणि जातो. त्याला वेळ द्या. मोठा डेटाबेस आवरायला मिनिटंही घेतो. दहा सेकंदांत गेला नाही म्हणून लगेच ९ देऊ नका.

ई. ९ अगदी शेवटी. हा सिग्नल प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही, कर्नल त्याला परस्पर उचलतो. आवराआवर होत नाही, लॉक फाइली मागे राहतात, आणि मग तोच प्रोग्राम 'मी आधीच चालू आहे' म्हणत उठायला नकार देतो. डेटाबेसला ९ दिला तर पुढच्या वेळी उठताना तो आधी दुरुस्ती करत बसतो, आणि काउंटरसमोरची रांग तेवढा वेळ उभी.

सावधान: डी अवस्थेतला प्रोसेस ९ ने बहुतेक वेळा हलत नाही. तो ज्याची वाट बघतो आहे ते आलं, तरच सुटतो. सैल झालेली यूएसबी डिस्कची वायर किंवा बंद पडलेलं नेटवर्क फोल्डर शोधा. झोंबीला मारता येत नाही, तो आधीच मेलेला असतो. त्याच्या पालकाने नोंद घेतली की जातो. त्रास देण्याइतक्या झोंबी साठल्या असतील तर पीपीआयडीवरून (पालकाच्या पीआयडीवरून) पालक शोधा आणि शक्यतो त्याची सेवा रीस्टार्ट करा.

तपासा: थांबवल्यावर टॉपमध्ये १ मिनिटाचा लोड उतरू लागला का? १५ मिनिटांचा लगेच उतरणार नाही, त्याची वाट बघू नका. तोच प्रोसेस नव्या पीआयडीने परत आला का, तेही बघा.

## टप्पा ८: तुम्ही नसताना होणाऱ्या त्रासाची नोंद

फोन येतो, तुम्ही पोहोचता, तोवर सगळं सुरळीत. अशा वेळी टॉपला फाइलीत लिहायला लावा:

टॉप -बी -एन २ -डी ५ -डब्ल्यू २०० >> टॉपनोंद.लॉग

बी म्हणजे बटणांशिवाय नुसतं छापत जा, एन म्हणजे किती वेळा, डी म्हणजे मधलं अंतर, डब्ल्यू म्हणजे ओळीची रुंदी. दोन वेळा घ्यायचं कारण टप्पा २ मध्ये आलंच आहे. वाचताना दुसरी मोजणी वाचा. बाणाची खूण दोनदा हवी. एकदाच दिली तर प्रत्येक वेळी जुनी नोंद पुसली जाते.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी लावा. तिथे फाइलीचा पूर्ण पत्ता द्या, नाहीतर ती भलत्याच फोल्डरात तयार होते. आठवडाभराने काढून टाका. विसरलात तर ही नोंदच डिस्क भरून टाकेल.

प्रोसेस आपोआप नाहीसा होत असेल तर मेमरी संपल्यावर कर्नलने उचलला आहे का ते बघा. सूडो लावून 'जर्नलसीटीएल -के' चालवा आणि 'आउट ऑफ मेमरी' हे शब्द शोधा. त्या ओळीत मारल्या गेलेल्या प्रोसेसचं नाव असतं. जास्त मेमरी खाणारा दुसराच कोणी असू शकतो, म्हणून त्याच वेळेची टॉपची नोंदही काढून शेजारी ठेवा.

आणि लोड कोअरपेक्षा कमी, डब्ल्यूए शून्याजवळ, अव्हेल भरपूर, तरीही काउंटरवर मंदच चालत असेल, तर टॉप बंद करा. सर्व्हरवरच तो प्रोग्राम उघडून बघा. तिथे झटपट चालला तर पुढची तपासणी स्विच, केबल आणि काउंटरवरच्या कंप्युटरची.